हरणाऱ्यांची बिअर

आमच्या घरात अभिमान वाटायला फारसं कारण लागत नाही. बाबा समारंभांना खुर्च्या भाड्यानं देतात, आणि कुठल्याही लग्नाचा फोटो दाखवा, ते नवरा-नवरीच्या आधी खुर्च्या ओळखतात. "ती बघ, मागे अर्धी दिसतेय ना? आपली." आई त्या खुर्च्यांची कव्हरं शिवते. कव्हराला सुरकुती दिसली तर बसलेल्या पाहुण्याला उठवून नीट करते, मग तो नवरदेव का असेना. त्यामुळे ताईनं धंद्यात नळाची बिअर आणायचं ठरवलं तेव्हा घरात कुणी हूं का चूं केलं नाही. खुर्चीत बसलेला माणूस काहीतरी पिणारच, एवढं बाबांनाही मान्य होतं.

नळाची बिअर म्हणजे स्टीलचं थंडगार पिंप, पिंपाला नळी आणि नळीला नळ. गोम एकच. पिंप एकदा कारखान्यातून निघालं की ते लोक परत घेत नाहीत, आणि उघडून ठेवलं तर आतल्या बिअरची चव ओल्या पुठ्ठ्यासारखी होते. (ताईनं मला खात्री करायला लावली. पुठ्ठा जरा बरा होता.) म्हणजे जास्त मागवली तर ओतून द्या, कमी मागवली तर शिव्या खा.

पहिली ऑर्डर मिळाली बुद्धिबळ स्पर्धेची. स्पर्धा होती शहरातल्या सगळ्यात मोठ्या हॉलमध्ये, आणि हॉलवाले स्वतःही खेळणार होते. त्यांनी ताईला बोलावून बजावलं, "गेल्या वर्षीच्या माणसाची बिअर दुपारीच संपली. त्याच्या आधीच्यानं इतकी उरवली की मोरीत ओतावी लागली, आणि आठवडाभर माझा हॉल घमघमत होता. तुझा अंदाज बरोबर आला तर इथले वर्षभराचे कार्यक्रम तुझे. चुकला तर खुर्च्यासुद्धा दुसरीकडून घेईन."

खुर्च्यांचं नाव निघाल्यावर बाबांना जेवण जाईना.

"खेळाडू किती?" त्यांनी विचारलं.

"एकशे अठ्ठावीस," ताई म्हणाली.

"माणशी चार ग्लास धर, सहा पिंपं सांग आणि मोकळी हो."

"तीन."

"तीन ग्लास?"

"तीन पिंपं."

बाबांनी आईकडे बघितलं. आईनं माझ्याकडे बघितलं. माझ्यामागे भिंत होती.

ताई बुद्धिबळाच्या क्लबात जाऊन बसत होती हे मला माहीत होतं, कारण तिला सोडायला मीच जायचो. ती पटाकडे बघत नसे. बघायची ती फक्त कोण कधी पितो ते. "बाबा, खेळणारा माणूस पीत नाही. जिंकलेलाही पीत नाही, त्याला पुढचा डाव असतो. पितो तो फक्त हरलेला. आणि ही बाद पद्धतीची स्पर्धा आहे, हरला की सुटला. पहिल्या फेरीत हरलेल्याला तीन ग्लास लागतात. पहिला दुःखाचा, दुसरा रागाचा, आणि तिसरा, आपण खरं तर जिंकतच होतो हे सांगताना. दुसऱ्या फेरीत हरलेल्याला दोनच."

"का? त्यानं काय घोडं मारलंय?"

"तो एक डाव जिंकलेला असतो, घरी सांगायला काहीतरी असतं. त्यापुढे हरणाऱ्यांना एकेक."

"आणि फेस?" आई म्हणाली.

"फेसही धरलाय."

आईचं समाधान झालं. बाबा खुर्च्या मोजायला गेले. त्या सगळ्या होत्या. तरी त्यांनी परत मोजल्या.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही चौघं नळापाशी उभे होतो, ताई मधोमध, नवा एप्रन घालून. पहिली फेरी संपली. ग्लास घ्यायला आले मोजून वीसेक जण. बाकीचे शांतपणे जागेवर बसून.

"यांचं काय?" ताईनं क्लबाच्या सेक्रेटरींना विचारलं.

"बरोबरी झाली."

"म्हणजे कोण हरलं?"

"कुणीच नाही."

आमच्यापैकी कुणाला बुद्धिबळ येत नव्हतं. "असं करता येतं?" मी विचारलं.

"येतं की."

"मुद्दाम?"

"काही जण तर त्यासाठीच खेळतात."

ताई पांढरी पडली. तिच्या हिशेबात न हरणारी माणसं नव्हतीच. बाबा "सहा सांगत होतो" म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त एक खुर्ची ओढून घेतली आणि तिचा निरोप घेतल्यासारखे तिच्यावर बसले.

"घाबरू नका," सेक्रेटरी म्हणाले. "बरोबरीवाल्यांना आता घड्याळ लावून पाच-पाच मिनिटांचा डाव. निकाल लागेपर्यंत सोडत नाही मी कुणाला."

त्यांनी खरंच सोडलं नाही. मग मात्र एकदम सोडले. चाळीस-पन्नास हरलेली माणसं एका नळावर धावून आली. ताई ओतत होती, मी ग्लास पुढे करत होतो, पण घाईनं ओतलं की नुसता फेस, आणि फेस सांडला की हिशेब सांडला. मागून ढकलाढकली सुरू झाली. एक जण ओरडला, "मी याच्या आधी हरलोय!"

तेव्हा बाबा उठले. खुर्च्यांच्या बाबतीत त्यांना दुसऱ्याचं ऐकावं लागत नाही. नळापासून दारापर्यंत त्यांनी खुर्च्यांची ओळ लावली आणि आवाज चढवला, "हरलेल्यांनी बसून घ्या! पुढचा उठला की एकेक खुर्ची सरका!" आजवर मी बसलेली रांग पाहिली नव्हती. आई मागून कव्हरं सरळ करत फिरत होती. माणसं बसली, शांत झाली, पहिल्या ग्लासाचं दुःख नीट करू लागली. ताईला हवा तसा सावकाश नळ सोडता आला.

पुढे सगळं ताईनं सांगितल्याप्रमाणे झालं. पहिल्या फेरीतल्यांनी तिसरा ग्लास नेला आणि लगेच आपण कसे जिंकत होतो ते सांगू लागले. हॉलवालेही त्यांच्यातच होते. शेवटचा डाव संपला तेव्हा तिसऱ्या पिंपाची नळी खोकू लागली होती. अंतिम फेरीत हरलेल्याला काठोकाठ ग्लास मिळाला. नळातून दोन थेंब पडले आणि थांबले. ताईनं माझ्याकडे असं बघितलं की मलाच वाटलं, मी काहीतरी जिंकलोय.

मग जिंकलेल्या बाई आल्या. त्या दातांच्या डॉक्टर. निम्म्या खेळाडूंनी त्यांच्यासमोर कधी ना कधी तोंड उघडलेलं, त्यामुळे त्या दिवशी पटावरही त्यांच्यापुढे कुणाचं काही चाललं नव्हतं. करंडक काखेत घेऊन म्हणाल्या, "एक ग्लास द्या."

बाबा पुटपुटले, "मी पळत जाऊन बाटली आणतो."

"नको," ताई म्हणाली. तिनं सरळ हॉलवाल्यांना हाक मारून बोलावलं आणि दोघांसमोर सांगितलं, "बिअर संपली. मी फक्त हरणाऱ्यांची मागवली होती. डॉक्टर, तुमचा ग्लास मी धरलाच नव्हता."

हॉलवाले लाल झाले. "अख्ख्या हॉलला मिळाली, आणि जिंकलेल्या माणसाला नाही?"

डॉक्टरीणबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. "कसा काढला हिशेब?"

ताईनं तीन, दोन, एक सगळं सांगितलं. बाईंनी एखाद्या अवघड डावावर करावा तितका वेळ विचार केला.

"दुसऱ्या फेरीत दोन," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे. गेल्या वर्षी मी दुसऱ्या फेरीत हरले. दोन प्यायले, तिसरा नको वाटला." मग हॉलवाल्यांकडे वळल्या. "तुम्ही किती?"

हॉलवाल्यांनी हातातल्या ग्लासाकडे बघितलं. "तिसरा आहे," ते म्हणाले. "पण मी खरं तर जिंकतच होतो."

"वर्षभराचं काम हिलाच द्या," बाई म्हणाल्या. "माझा घसा कोरडा आहे, पण या हॉलमध्ये न हरलेली मी एकटीच, हे आता वेगळं सांगायला नको." आणि रिकामा ग्लास मागून घेऊन, करंडकाशेजारी धरून त्यांनी फोटो काढून घेतला. फोटोत मागे आपल्या चार खुर्च्या आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन. बाबा प्रत्येकाला सांगत होते, "तीन म्हणजे तीन पिंपं, आमच्याकडे अंदाज नसतो, हिशेब असतो." सहा पिंपांचं नाव कुणी काढलं नाही. आम्ही सभ्य माणसं आहोत.

दुपारी एका गृहस्थांचा फोन आला. त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती, पाहुणे दोनशे.

"पाहुणे राहू द्या," बाबा म्हणाले. "त्यात हरणारे किती?"

पलीकडून पुटपुटत मोजल्याचा आवाज आला.

"मला धरून?" गृहस्थांनी विचारलं.

गिऱ्हाइकाचा फोन बाबांनी आजवर कुणाच्या हातात दिला नव्हता. त्यांनी रिसीव्हर बाहीनं स्वच्छ पुसला, उठून उभे राहिले आणि म्हणाले, "थांबा हं. आमच्या तज्ज्ञांना देतो."