कोल्ह्याच्या साक्षीसाठी थांबलेले पाणी

मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. सामोस बेटावर आजवर कोणाचाच बसलेला नाही. पण एका माणसाचा जीव जाऊ नये म्हणून मी एकदा पोटातले पाणी पोटातच आवळून धरले होते, अगदी थेंबसुद्धा सांडू दिला नव्हता.

मित्रांनो, मी एक जुना घडा आहे. मातीचा, बसक्या अंगाचा, बुडाशी काशाची तोटी असलेला. आज माझा काठ फुटला आहे, पोटाला चीर गेली आहे आणि फिलिन्ना आजीची बदके माझ्यात चोची बुडवतात. दुपारी अंजिराच्या सावलीला तुम्ही पोरे येऊन बसता, तेवढीच माझी सोबत. पण माझा जन्म काही बदकांसाठी झाला नव्हता.

कुंभाराने मला न्यायसभेसाठी घडवले. चाकावरून उतरवले, भट्टीत भाजले आणि मग दिवसभर भरून आणि रिकामे करून पाहिले. हेरादेवीचे एक लांबलचक स्तोत्र म्हणून होईस्तोवर माझे पाणी संपले पाहिजे, असे त्याचे माप होते. सभेत मला उंच ओट्यावर ठेवीत. वक्ता उभा राहिला की तोटी उघडायची. माझे पाणी संपले की त्याचे बोलणे संपले, मग वाक्य अर्धे राहो की पुरे. जमीनदार असो की कोळी, दोघांसाठी मी सारखाच वाहत असे. लोक म्हणत, "या गावात लाच न खाणारा एवढा एकच, आणि तोही मातीचा!"

एक सवलत मात्र होती. साक्षीदार बोलत असताना पाणी थांबवायचे, कारण साक्ष म्हणजे वक्त्याचे बोलणे नव्हे. माझा रखवालदार फानिया तेव्हा तोटीच्या तोंडावर बोट दाबून धरी. फानिया म्हातारा होता आणि त्याची बोटे सांध्यांत सुजलेली असत, पण ते काम त्याने दुसऱ्या कोणाला कधी करू दिले नाही.

आता त्या दिवसाचे सांगतो. देवीच्या राईतला एक मोर नाहीसा झाला होता. पिसे सापडली बातोनच्या झोपडीपुढे. बातोन समुद्रात बुड्या मारून स्पंज काढणारा साधा माणूस. देवीचा मोर मारणाऱ्याला आमच्याकडे दगडांनी ठेचून मारीत. फिर्याद आणली होती मोरांचा कारभारी तेलेसार्खोस याने. त्याने माझे पूर्ण पाणी वापरले आणि शेवटचा शब्द शेवटच्या थेंबाबरोबर टाकला. टाळ्या पडल्या.

मला पुन्हा भरले. बातोन उभा राहिला. "मी... मी नाही... म्हणजे मी तिथं..." बिचारा घाबरला की तोतरा होई. चार शब्दांत माझे अर्धे पाणी गेले. त्याची बायको ओट्याखाली बसली होती. ती त्याच्याकडे बघतच नव्हती, माझ्या तोटीकडे बघत होती.

तेव्हा त्याच्या बाजूने मानेस पुढे आला. मानेस म्हणजे पाठीला कुबड आलेला, गुलामीतून सुटलेला परदेशी माणूस. धक्क्यावर बसून तो जनावरांच्या गोष्टी सांगे. कोणी म्हणे तो जन्माचा मुका होता आणि देवीने त्याच्या जिभेवर मधमाशी बसवली. कोणी म्हणे तो पाखरांची भांडणे सोडवतो. मी एवढेच पाहिले की त्याने आधी माझ्याकडे पाहिले आणि किती पाणी उरले आहे ते ताडले.

"साक्षीदार आहे का कोणी?" मुख्य पंचाने विचारले.

"आहे की, धनी."

"नाव सांग."

"कोल्हा."

सभा खो खो हसली. तेलेसार्खोस ताडकन उठला. "ही काय थट्टा चालवलीय? पाणी सोडा! असल्या पोरखेळाला पाणी थांबवायचं नसतं!"

पण फानियाचे बोट तोटीवर बसलेसुद्धा होते. "ते तुमचं तुम्ही ठरवा," तो म्हणाला. "साक्षीदार म्हटलं की माझं बोट आपोआप जातं. त्याला काय कळतंय, दोन पायांचा की चार."

मुख्य पंचाने दाढी खाजवली. "साक्षीदाराला पाय किती असावेत, हे आमच्या कायद्याच्या दगडावर काही कोरलेलं नाही. बोलू दे. पण मानेस, साक्ष संपली की पाणी सुटणार."

मग मानेस कोल्हा होऊन बोलू लागला. "मंडळी, सात वर्षं मी तितरांची अंडी चोरतोय, तेव्हा या धंद्यातलं मला चार शहाण्यांपेक्षा जास्त कळतं. आमच्या टेकडीवर अंडी गेली आणि टरफलं सापडली कासवाच्या दारात. झालं, सगळे निघाले कासवाला उलथं करायला. मला हसू आवरेना. एवढी अंडी मी खाल्ली, माझ्या दारात कधी टरफल दिसलंय कोणाला? पोट भरलं की मी आधी अंगण झाडतो. म्हणून म्हणतो, कासवाला घटकाभर सोडा आणि टेकडीवर आज कोणाचं अंगण फार चकाचक आहे ते बघा."

 मागून एक मासेवाली ओरडली, "अगं बाई! मोरवाल्याचं अंगण परवापासून चारदा धुतलंय की! सगळं पाणी माझ्या दारातनं वाहतंय. मला वाटलं, घरात लग्नबिग्न काढलं मेल्यानं!"

पंचांनी दोन माणसे तेलेसार्खोसच्या घरी धाडली. घर होते देवळापाशी, म्हणजे जाऊन येऊन बरीच वाट. आणि कायदा असा की पाणी संपले की लगेच मतांचे खडे टाकायचे, कोणासाठी थांबायचे नाही. ते दोघे येईपर्यंत साक्ष चालू राहायला हवी होती.

मानेसने कपाळाचा घाम पुसला. "कोल्ह्याची साक्ष संपलेली नाही," तो म्हणाला, आणि कोल्ह्याचा बाप, आजा, आत्या, तिची सासू अशी सगळी गोष्ट काढली. लोक हसत होते. मानेसच्या डोळ्यांत मात्र हसू नव्हते. बातोनची बायको एकटक तोटीकडे बघत होती. फानियाचे बोट थरथरू लागले. आधी लाल झाले, मग पांढरे.

आणि मित्रांनो, ते निसटले! त्याच क्षणी मी माझे पाणी आवळून धरले. कोणालाही कळले नाही.

दोघे धापा टाकत परतले. धुतलेल्या अंगणाच्या मोरीत त्यांना मोराचा पाय सापडला होता, त्यात देवीचे काशाचे कडे तसेच होते. खडे पडले. बातोन सुटला. त्याने मानेसच्या कुबडावर डोके टेकले.

पुढे मानेस समुद्रापलीकडच्या एका मोठ्या डोंगरी देवस्थानाला गेला. तिथल्या लोकांना त्याची जीभ बोचली. त्यांनी देवळातला पेला त्याच्या वळकटीत लपवला आणि चोर म्हणून त्याला कड्यावरून ढकलायला नेले. त्याने तिथेही एक गोष्ट सुरू केली होती म्हणतात. खलाशांनी आम्हाला गोष्टीचा आरंभ सांगितला. शेवट कोणालाच माहीत नाही, कारण तिथे त्याच्यासाठी पाणी थांबवणारे कोणी नव्हते. आता लोक म्हणतात की तो पुन्हा जिवंत झाला. मला तसे वाटत नाही.

फानिया गेला. सभेला दगडी घडा मिळाला. मला चीर पडली आणि मी या अंगणात आलो. म्हणून तुम्हाला हात जोडून विनवतो, मला हात नसले तरी. जुन्या वस्तूंची हेळसांड करू नका. माझी चीर डांबराने बुजवा, मला छपराखाली ठेवा. ज्याने बोट निसटल्यावरही पाणी धरून एक माणूस वाचवला, त्याला बदकांपुढे...

"खोटं!" पोरांमधून फानियाची पणती बित्तो उठून उभी राहिली. "बोट निसटलंच नव्हतं! ते दोघं परत येईपर्यंत पणजोबांनी ते काढलं नाही, नखातून रक्त आलं तरी. आजीनं सांगितलंय मला. ते पुन्हा कधी सरळ झालं नाही. चितेवर ठेवलं तेव्हाही तसंच वाकडं होतं. तुझी चीर मी बुजवीन, तुला छपराखालीही ठेवीन. पण पणजोबांचं बोट पणजोबांना परत दे."