पीटीचे चार रकाने

"मॅम, आज जास्तीचे इबोस आणलेत. पदवीचा अर्ज भरायचाय, तोंड गोड नको का करायला?" असं म्हणत नांग सोर्सिंगने झावळीत गुंडाळलेल्या गोड चिकट भाताच्या कांड्या माझ्या खिडकीतून आत सरकवल्या.

कॉलेजच्या नोंदणी कचेरीत तीन नंबरची खिडकी माझी. नांग सहा वर्षं या खिडकीशी येत होती, तीही दर वेळी हातात काहीतरी घेऊन. वय त्रेपन्न. नदीच्या मुखाशी तिची वस्ती, आणि तिथली बालवाडी ती चोवीस वर्षं चालवत होती. सहा वर्षांपूर्वी नगरपालिकेने फर्मान काढलं की यंदाच्या जूननंतर पदवी नसेल तर बालवाडी सोडा. तेव्हापासून बाई दर शनिवारी लेकाच्या वयाच्या पोरांशेजारी बसून शिकत होती.

मी तिची नोंद उघडली. सगळे विषय पास, आणि पीटीचे चारही रकाने कोरे.

"काय झालं मॅम? चेहरा का उतरला?"

काय सांगणार, कप्पाळ! पहिल्या वर्षी मीच तिला म्हटलं होतं, "नांग, या वयात कुठे उड्या मारता? पीटीचं शेवटी बघू." आमच्याकडे पीटी मंगळवारी-गुरुवारी सकाळी दहाला असते. त्या वेळी नांगभोवती तीस पोरं असतात. शनिवारी मैदान बास्केटबॉलच्या सामन्यांना दिलेलं. शिवाय एक पीटी पास झाल्याशिवाय दुसरी घेता येत नाही, म्हणजे चार सत्रं, दोन वर्षं. आणि तेव्हा फेब्रुवारी चालू होता.

मी सगळं सांगितलं. ती ओरडली नाही.

"पण मॅम, मी रोज सकाळी पोरांची कवायत घेते. तेवढं सांगा ना डीनसाहेबांना."

मी तडक डीनकडे गेले. माणूस चौतिशीचा, बोलायला गोड.

"मॅम रोसेल, त्या कवायतीचा कागद कुठाय?"

"कागद नाही सर, पोरं आहेत. तिच्या हाताखालून गेलेली दोन आत्ता तुमच्याच वर्गात बसलीत."

ते हसले. "नियम मी केलेला नाही हो. डॉक्टरने असमर्थ म्हणून लिहून दिलं तर पीटी माफ होते. तेवढंच आहे माझ्या हातात."

मी अक्षरशः पळत खिडकीशी आले.

"पण मी तर धडधाकट आहे," नांग म्हणाली.

"कागदापुरतं हो! हात वर होत नाहीत म्हणा."

"खोटं बोलू? पोरांना मीच शिकवते खोटं बोलू नये म्हणून."

"मग घाला सहा वर्षं पाण्यात! एका सहीचा तर प्रश्न आहे, नांग." मी चक्क तिच्यावर डाफरले.

चौथ्या दिवशी तिने कागद आणला. दोन्ही खांदे निकामी, शारीरिक श्रमास असमर्थ. खाली सही नगरपालिकेच्या डॉक्टरांची. आमच्या गावात दुसरा डॉक्टर आहेच कुठे? तेव्हाच माझी ट्यूब पेटायला हवी होती. मी मात्र खुशीत शिक्का मारला.

मे महिन्यात समारंभ झाला. काळा झगा सावरत नांग दोन-दोन पायऱ्या एकदम चढून मंचावर गेली. मी टाळ्या वाजवून हात लाल करून घेतले.

जूनमध्ये ती पुन्हा खिडकीशी आली. पदवी प्लास्टिकच्या पिशवीत, छातीशी धरलेली.

"मॅम, नव्या नेमणुकीला तब्येतीचा दाखला लागतो म्हणे. डॉक्टरांनी फाईल काढली. म्हणाले, फेब्रुवारीत मीच लिहिलंय की खांदे गेले, आता बरे झाले म्हणून कसं लिहू?"

"मग खरं सांगायचं ना! माझं नाव घ्यायचं!"

"सांगितलं. तर म्हणाले, मग कॉलेजात खोटा कागद दिला म्हणून पदवी जाईल, आणि खोटं लिहिलं म्हणून त्यांची नोकरीही जाईल." तिने पदवीची पिशवी सरळ केली. "इकडे आड, तिकडे विहीर. नगरसेवकाची भाची घेतलीय माझ्या जागी. बरी आहे पोर."

मग तिने दुसऱ्या पिशवीतून इबोस काढले आणि खिडकीतून आत सरकवले. "तुमची चूक नाही मॅम. तुम्ही माझ्या भल्याचंच बघितलंत."

तिने चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. ते इबोस मी खाल्ले नाहीत. टाकवलेही नाहीत. दोन दिवस खणात राहिले आणि आंबले.

ऑगस्टमध्ये राहवेना म्हणून एका सकाळी मी वस्तीत गेले. बालवाडीच्या अंगणात नवी बाई मोबाईलवर कवायतीचं गाणं लावून स्वतः मेसेज बघत उभी होती. पोरांचा नुसता सावळागोंधळ. कुणी एक हात वर केलेला, कुणी नाकात बोट घातलेलं. कुंपणाबाहेर बदामाच्या झाडाखाली नांग इबोसची टोपली घेऊन बसली होती. तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

गाणं चालू असतानाच तिचे दोन्ही हात सावकाश उचलले गेले. पार डोक्याच्या वर, कोपरं ताठ. कुंपणाजवळच्या पोरीने ते पाहिलं आणि आपले हात वर केले. मग तिच्या शेजारच्याने. बघता बघता तीसच्या तीस पोरांनी बाईकडे पाठ फिरवली आणि हात वर केले.

तेवढ्यात नांगला मी दिसले. तिने झटकन हात खाली घेऊन टोपलीवरच्या फडक्यात लपवले.

"मॅम, कॉलेजात सांगू नका हं," ती म्हणाली आणि हसायला गेली, पण तिला हसता आलं नाही.

पलीकडे पोरं हात वर करून तशीच उभी होती, नांग 'खाली' म्हणेल याची वाट बघत.