शेवटच्या माणसामागची सायकल

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. काळी, बावीस इंची, आणि माणसांच्या धावण्याच्या शर्यतीत नऊ वर्षं भाग घेतलेली. हसू नका. या नऊ वर्षांत पहिला नंबर कुणाचा आला हे मी एकदाही डोळ्यांनी पाहिलेलं नाही. माझं काम मागे असतं.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. सुटे भाग होते माझे, आठवणार कसं? खोक्यात बसून मी परभणीला आले आणि तिथून एसटीच्या टपावरून जिंतूरला. पंडित मिस्त्रीने दुकानासमोरच्या लिंबाखाली मला जोडलं. घाईत तो मागचा ब्रेक आवळायला विसरला. गिऱ्हाईक होते गणिताचे श्रीराम सर. त्यांनी मला एक चक्कर मारली, पाय घासत कसंबसं थांबवलं आणि म्हणाले, "जाते चांगली. थांबायचं तेवढं शिकवा हिला."

पुढे बरीच वर्षं मी सरांना शाळेत नेलं आणि आणलं. मग घरात मोटारसायकल आली. मला मागच्या पडवीत, भिंतीला टेकवून ठेवलं, अंगावर पोतं टाकलं. अकरा वर्षं! शेजारच्या मांजरीने माझ्या सीटवर नखं घासून घासून आतला स्पंज बाहेर काढला. आधी मला राग यायचा, नंतर वाईट वाटायचं, आणि मग काहीच वाटेनासं झालं. ही सवय पुढे माझ्या उपयोगी पडली.

सर निवृत्त झाले आणि त्यांना साखरेचा आजार निघाला. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर हे धावायलाच लागले. सोबत त्यांच्या पत्नी पद्मजा मॅडम. त्या त्याच शाळेत मराठी शिकवायच्या. मग त्या दोघांचा विद्यार्थी उद्धव आला, तो आता तहसील कचेरीत कारकून आहे. कापसाचा शेतकरी महारुद्र आला, तो वाऱ्यासारखा पळतो. शाळेत खिचडी शिजवणारी छबूबाई आली, ती लुगड्याचा काष्टा मारून, कॅनव्हासचे बूट घालून पळते. होता होता तीस माणसं झाली आणि त्यांचं पूर्णाकाठ धावक मंडळ झालं. दर डिसेंबरात एका रविवारी जिंतूर ते येलदरीचं धरण अशी त्यांची मोठी दौड ठरली.

पहिल्याच वर्षी घोळ झाला. छबूबाई सगळ्यांत शेवटी पोहोचली, तोवर शेवटच्या रेघेवरचा दोर सोडलेला, कनात गुंडाळलेली, आणि मंडळी धरण बघायला गेलेली. "एक कुत्रं तेवढं हुतं बघा माझ्या स्वागताला," असं ती अजून सांगते. सांगताना हसते, पण सरांना ते फार लागलं. त्यांचा गुडघाही तेव्हा कुरकुरायला लागला होता. पुढच्या वर्षी त्यांनी माझ्यावरचं पोतं काढलं, पंडित मिस्त्रीकडून सगळं ठीकठाक करून घेतलं आणि मंडळाला नियम घालून दिला. सायकल शेवटच्या माणसाच्या मागे चालणार. सायकल आली की दौड संपली. ती येईपर्यंत दोर सोडायचा नाही आणि सुशीला वाढायची नाही.

सुशीला म्हणजे आमच्याकडचा भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला नाश्ता. चौदा किलोमीटर पळून आलेली माणसं पातेल्याभोवती बसून माझी वाट बघायची. जगात कुठल्या सायकलची कुणी एवढी वाट पाहिली असेल? त्यामुळे मंडळात डोकी मोजायची पद्धतच पडली नाही. सायकल आली म्हणजे सगळे आले. माझ्यामागे कुणी राहता कामा नये, एवढंच माझं काम होतं, आणि आठ वर्षं मी ते चोख केलं.

गेल्या पावसाळ्यात सर गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

मला दुःख झालं असं तुम्हाला वाटत असेल. खरं सांगू? नाही झालं. मी पडवीत उभी होते. लोक आले, गेले, चपलांचा ढीग झाला, मग तो कमी झाला. माझी हवा हळूहळू उतरत गेली आणि एक दिवस मी रिमवर बसले. बधिर झाले होते. मॅडमचंही तसंच होतं. तेरावं झाल्यावरच्या पहिल्या रविवारी त्या बूट घालून पळायला निघाल्या. भाजी निवडायच्या, फोनवर बोलायच्या, पडवी झाडायच्या. माझ्याखालून झाडू फिरवताना मला बाजूला सरकवायच्या आणि परत जागेवर ठेवायच्या. लोक म्हणायचे, बाई किती खंबीर आहे! लोकांचं काय, न रडणाऱ्या माणसाला ते लगेच खंबीर म्हणून मोकळे होतात.

डिसेंबर आला. दौड घ्यायची का, असं उद्धवने चाचरत विचारलं. मॅडम म्हणाल्या, "घ्या की." सायकल कोण चालवणार? "तू चालव." एवढंच बोलणं झालं. उद्धवने माझ्यात हवा भरली आणि पुसपास केली. तेल घालायचं मात्र तो विसरला. माझी चेन पहिल्यापासून कुरकुर करणारी, आता तर ती रडक्या पोरासारखी सुरू झाली.

सकाळी साडेसहाला चुन्याच्या रेघेवरून सगळे सुटले. थंडी होती. दोन्ही बाजूंना वेचून झालेल्या कापसाच्या पऱ्हाट्या, मध्येच हिरवी तूर. महारुद्र पहिल्या वळणावरच दिसेनासा झाला. दरवर्षी माझ्यापुढे छबूबाई असायची. या वर्षी तीही पुढे निघून गेली आणि माझ्यापुढे एकच पाठ उरली. ती पद्मजा मॅडमची होती.

सरांची एक रीत होती. शेवटच्या माणसाशी ते धावण्याबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत. तुरीला शेंगा कशा लागल्या, पोरीचं बाळंतपण कधी आहे, असलं काहीबाही बोलत राहायचे. आपण शेवटचे आहोत हे त्या माणसाच्या ध्यानातच राहायचं नाही. उद्धवला काय बोलावं सुचेना. शाळेत ज्यांनी कान पिरगाळला त्या मॅडमशी बोलायचं तरी काय? आवाज फक्त माझ्या चेनचा.

येलदरी दोनेक किलोमीटर राहिलं असेल. एका मोरीपाशी मॅडम थांबल्या. ऊन चांगलंच वर आलं होतं.

"उद्धव, तू हो पुढे."

"न्हाई मॅडम, नियम हाय ना. मी हाय की मागं. हळूहळू चला तुमी."

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. सर गेल्यापासून पहिल्यांदाच त्या माझ्याकडे नीट बघत होत्या. म्हणाल्या, "सकाळपासून हा आवाज ऐकतेय मी. वाटलं होतं, हा आवाज मागून आला की रडू येईल. इतके महिने त्याचीच वाट बघितली. काही येत नाही रे. काहीच वाटत नाही. बारा किलोमीटर झाले, काही नाही. तू हो पुढे."

"पण मॅडम..."

"मी सांगते ना."

मित्रांनो, इथेच चूक झाली. मॅडमने बाकावर उभं राहा म्हटलं की उभं राहायचं, अशा शाळेत तो शिकला होता. चाळिशी गाठलेला माणूस, पण मान खाली घालून माझ्यावर बसला आणि पुढे निघाला. मला थांबता आलं असतं तर मी थांबले असते. पण थांबणं माझ्या हातात नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यामागे माणूस राहिलं, आणि मला तेव्हाही काही वाटलं नाही.

धरणापाशी पोहोचलो तर एकच गलका झाला. "सायकल आली! सायकल आली!" महारुद्रने दोर सोडला. पातेल्यावरचं झाकण उघडलं. "मॅडम येतायत मागून," असं उद्धव म्हणाला खरा, पण इतक्या हळू की ते त्याच्या त्यालाच ऐकू आलं असेल. एवढी माणसं जेवायला बसल्यावर कोण कुणाचं ऐकतं? कनात गुंडाळली गेली. सामान टेम्पोत चढलं. उद्धवने सुशीला घेतली नाही. तो रस्त्याकडे बघत उभा होता. अर्धा तास झाला तरी रस्ता रिकामाच होता.

वाढून झाल्यावर छबूबाईने एक ताटली झाकून बाजूला ठेवली होती. ती घेऊन ती सगळीकडे फिरून आली.

"अरे, मॅडम कुठं हायत?"

कुणी म्हणालं, धरणावर असतील. कुणी म्हणालं, तोंड धुवायला गेल्या असतील. सायकल आली म्हणजे त्याही आल्याच असणार! मग उद्धवने मोरीपाशी काय झालं ते सगळं सांगितलं.

छबूबाईने ताटली खाली ठेवली. "त्या म्हनल्या अन् तू आलास? आरं, मानूस म्हनतंच की! मी न्हाई म्हनत का दरसाली, सर तुमी व्हा पुढं, मी यिते म्हनून? गेले का सर कवा?"

उद्धवच्या डोळ्यांत पाणी आलं. महारुद्रने मोटारसायकलची किल्ली काढली. "मी घिऊन येतो पाच मिंटात."

"गाडीवर घालून आनायला ते काय तुरीचं पोतं हाय?" छबूबाई म्हणाली आणि काष्टा आवळून पळायला लागली. आल्या वाटेने, जिंतूरच्या दिशेने. तिच्यामागे महारुद्र निघाला. मग एकेक करून सगळेच निघाले, पोटात सुशीला डचमळत असताना, एका हाताने कूस धरून. एकाने वाटेत ओकारी काढली, तोंड पुसलं आणि परत पळायला लागला. मी आणि उद्धव सगळ्यांच्या मागे.

मॅडम मोरीच्या कठड्यावर बसल्या होत्या. बूट काढून शेजारी ठेवलेले. काही लागलं नव्हतं, काही झालं नव्हतं. फक्त उठवत नव्हतं. समोरून आपलं अख्खं मंडळ धापा टाकत येताना बघून त्या चक्रावल्या.

"तुम्ही सगळे उलटे का पळायलात?"

छबूबाई खाली बसली आणि मॅडमच्या पायांत बूट घालायला लागली. एवढंच झालं. मी सगळ्यांच्या मागे होते, पुढचं मला दिसलं नाही. फक्त ऐकू आलं. मॅडम रडत होत्या. हुंदके दाबून नाही, चांगल्या मोठ्याने, रस्त्यावर, सगळ्यांसमोर. सर गेल्यावर निघायला हवा होता तो आवाज होता तो. ट्रकवाले वेग कमी करून बघत जात होते. मंडळातलं कुणीही "रडू नका" म्हणालं नाही.

मग मॅडम चालायला लागल्या, जरा वेळाने धावायला. सगळी माणसं त्यांच्या मागून. महारुद्रसुद्धा त्यांना ओलांडत नव्हता. त्याला इतकं हळू पळणं किती जड गेलं असेल ते तोच जाणे. धरणापाशी दोर नव्हता, कनात नव्हती, चुन्याची रेघही पुसून गेली होती. तिथे आल्यावर मॅडम बाजूला झाल्या.

"चला, व्हा आत सगळे," त्या म्हणाल्या. एकेकाला त्यांनी पुढे जाऊ दिलं. तोंडाने मोजत होत्या. छबूबाई सत्ताविसावी. उद्धव मला घेऊन शेवटी आला, तर त्यांनी माझं हँडल धरलं.

"सोड. तू पण जा."

या वेळी तो लगेच गेला नाही. "तुमी येनार ना, मॅडम?"

"येते," त्या म्हणाल्या, आणि मला हाताने ढकलत पुसलेल्या रेघेपलीकडे घेऊन आल्या.

आता दर रविवारी त्याच मला बाहेर काढतात. माझं म्हणाल तर मला अजूनही फारसं काही वाटत नाही. लोखंड तापायला वेळ लागतो. पण तुम्ही लहान आहात, म्हणून तुम्हाला एकच सांगते. घरातल्या जुन्या सायकलीला तेल घाला, घातलं तर बरंच आहे. नाही घातलं तरी ती कुरकुरत चालेल. पण कधी कुणी वाटेत थांबलं आणि तुम्हाला "तू हो पुढे" म्हणालं, तर लगेच पुढे होऊ नका. खाली उतरा. जरा वेळ नुसतं त्याच्याजवळ उभं राहा.