सीट कव्हर बदललं, बाकी काही नाही

मित्रांनो, पायाने नव्हे तर हाताने धावणारी गाडी तुम्ही कधी पाहिली आहे का? मी तशीच एक जुनी गाडी. रंग राखाडी, अंगकाठी लहान, आवाज जरा घोगरा. जन्मले तेव्हा मात्र मी चारचौघींसारखीच होते. कारखान्यातल्या लांबलचक पट्ट्यावरून एकीमागे एक आम्ही बहिणी सरकत होतो. कुणी दारे बसवली, कुणी काचा, कुणी पोटात इंजिन ठेवले. शेवटी एका बाईने माझ्या अंगावरून मऊ कापड फिरवले आणि ती पुटपुटली, "जा बाई, चांगल्या घरी पड." तिच्या तोंडात साखर पडो. घर मला खरेच चांगले मिळाले.

माझे मालक आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले. डेपोत त्यांना सगळे 'उस्ताद' म्हणत. घाटातल्या अवघड वळणावर बसचे धूड ते असे वळवत, की खिडकीला डोके टेकून झोपलेल्या माणसाची झोपही मोडत नसे. पण स्वतःची गाडी त्यांनी कधी घेतली नव्हती. दुकानात आल्या आल्या त्यांनी सांगून टाकले, "आपोआप गिअर पडणारी दाखवा. गिअर टाकून टाकून हा खांदा कामातून गेलाय."

पहिली काही वर्षे माझी नुसती चंगळ होती. उस्ताद मला रोज पुसत. काकू, म्हणजे त्यांची बायको, मांडीवर पर्स घेऊन शेजारी बसत आणि दर वळणावर म्हणत, "अहो, हळू. मागे पन्नास माणसं नाहीत वेळेवर पोचवायला." त्यांची मुलगी इस्पितळात परिचारिका. तिला कामावर सोडायला मीच जाई. शेजारी म्हणत, गाडी ठेवावी तर उस्तादांसारखी. ते ऐकले की माझे दिवे लावलेले नसले तरी चकाकत असतील.

मग एका सकाळी दाढी करता करता उस्तादांच्या अंगावरून वारे गेले. उजवी बाजू लुळी पडली. औषधे झाली, व्यायाम झाले, हात बराचसा परत आला. पाय काही आला नाही. काठी टेकत चालता येई, पण ब्रेकवर जोर देण्याइतके बळ त्यात उरले नाही.

माझ्यावर एक जाड कव्हर चढले. अंधारात बसून मी दिवस काढले. टायर बसले, बॅटरी मेली, उंदराने माझ्या पोटात गवत आणून संसार थाटला. उस्ताद अंगणात येत, कव्हरवर हात ठेवत आणि तसेच आत जात. ते कव्हर काढत का नाहीत, हे मला तेव्हा कळत नव्हते. आता कळते.

कव्हर काढले ते मुलीने. तिच्या इस्पितळात एक पेशंट येई, त्याची गाडी हाताने चालायची. तिने चौकशी केली, अशा कामातला मिस्तरी शोधला आणि मला ओढून त्याच्याकडे नेले. त्याने स्टिअरिंगच्या खाली एक दांडा बसवला. पुढे ढकलला की ब्रेक, स्वतःकडे ओढला की वेग. स्टिअरिंगवर एक गोल मूठ लावली, म्हणजे एका हाताने ते फिरवता यावे. मला आधी फार अवघडल्यासारखे झाले. नवा दात बसवल्यावर जीभ सारखी तिकडेच जाते ना, तसे.

बाजारामागच्या मोकळ्या मैदानात आम्ही दोघे नव्याने शिकलो. पहिल्या दिवशी उस्तादांनी दांडा असा ओढला की मी बेडकासारखी उडाले. मागे बसलेल्या काकूंनी डोळे गच्च मिटले. "घाबरू नकोस," उस्ताद म्हणाले, "पहिल्या दिवशी बसपण अशीच उडाली होती." आणि आजारपणानंतर पहिल्यांदाच ते खळखळून हसले.

ते पुन्हा परीक्षेला बसले, पास झाले. परवान्यावर नोंद झाली, माझ्या कागदांवरही झाली. मुलगी म्हणाली, "बाबा, आता विमा कंपनीला तेवढं कळवायचं राहिलं. ते तुम्ही करा."

"करतो ना," उस्ताद म्हणाले.

पण त्यांनी ते केले नाही. का, ते सांगते. माझा विमा उतरवणारा माणूस त्यांचा जिवलग मित्र होता. दोघांनी वर्षानुवर्षे एकाच बसवर काढली होती, हे पुढे आणि तो कंडक्टर मागे. निवृत्तीनंतर कंडक्टरने विम्याचे काम धरले. उस्तादांना झटका आला तेव्हा तो दुसऱ्या गावी मुलाकडे होता. फोनवर उस्ताद त्याला म्हणत, "काही नाही रे, जरा अशक्तपणा." परवाना देणाऱ्या परक्या साहेबापुढे पायजमा वर करून पाय दाखवायला त्यांना लाज वाटली नव्हती. पण ज्याने आपल्याला घाटात बस वळवताना पाहिले, त्याच्यापुढे कुठल्या तोंडाने सांगायचे?

विम्याची मुदत संपत आली तेव्हा मुलाकडून परतलेला कंडक्टर घरी आला. उस्ताद खुर्चीतून उठलेच नाहीत. मी खिडकीखाली उभी होते, उस्तादांनी सकाळीच माझ्यावर कव्हर घातले होते. आतले बोलणे मला स्वच्छ ऐकू येत होते.

"गाडीत काही बदल वगैरे केलेस का रे? विचारावं लागतं."

"सीट कव्हर बदललं. बाकी काही नाही."

काकूंनी कपबश्या दाणकन टेबलावर ठेवल्या. कंडक्टर बाहेर आला, माझ्याकडे बघून खिडकीतून उस्तादांना म्हणाला, "कव्हर काढत बसत नाही. तुझा शब्द म्हणजे झालं." मला बोलता आले असते तर!

पुढे एका दुपारी समोरच्या इमारतीला रंग चालला असताना वाऱ्याने बांबूंची परांची कोसळली आणि थेट माझ्या टपावर आली. टप चेपला, पुढची काच तडकली. आत कुणी नव्हते, हेच नशीब. पाहणीसाठी दुसऱ्या दिवशी विमा कंपनीची बाई येणार होती, सोबत कंडक्टर.

सकाळीच मिस्तरी आला. शेजाऱ्याने तोड सुचवली होती. "दांडा काढून ठेवा. पाहणी झाली की परत लावा. कोणाच्या बापाला कळणार आहे?" उस्ताद माझ्या दाराशी खुर्ची टाकून बसले. मिस्तरीने पहिला बोल्ट ढिला केला.

तेवढ्यात काकू बाहेर आल्या. "काढा, खुशाल काढा," त्या म्हणाल्या. "हा दांडा ढकलून तुम्ही मला रोज सुखरूप घरी आणलंत. आज चार माणसं येणार म्हटल्यावर तो आपला कोणी नाही? अहो, उद्या ते माझ्याबद्दल विचारतील. मलाही असंच मागच्या खोलीत लपवून ठेवा."

उस्ताद काठीच्या टोकाने माती उकरत राहिले. मग मिस्तरीला म्हणाले, "आवळ तो बोल्ट."

पाहुणे आले तेव्हा ते काठी टेकत स्वतः फाटकापर्यंत गेले. कंडक्टरची नजर त्यांच्या पायाकडे गेली आणि तिथेच खिळली.

"बाई, टप नंतर बघा," उस्ताद म्हणाले. "आधी हे बघा. पायात बळ नाही, म्हणून गाडी हाताची करून घेतली. परवान्यावर नोंद आहे. फक्त तुम्हाला सांगितलं नाही. ह्याने विचारलं होतं. मीच खोटं बोललो."

बाईंनी दांड्याचे फोटो काढले. "चालवून दाखवता?" त्यांनी विचारले. तडकलेल्या काचेने रस्त्यावर जाणे शक्य नव्हते. उस्तादांनी मला अंगणातच फाटकापर्यंत नेले, आणि मागे आणले. मी श्वास रोखून चालले, एक धक्का बसू दिला नाही. बाई म्हणाल्या, "उत्तम काम केलंय. काका, हे आधी कळवलं असतं तर एक फोटो आणि सही, एवढंच लागलं असतं. आता मात्र मला जे आहे ते लिहावं लागेल."

बाई गेल्यावर कंडक्टर एवढेच म्हणाला, "कंपनीला नाही सांगितलंस, त्याचं काही नाही रे. मला नाही सांगितलंस?" आणि चहा न घेता निघून गेला.

कंपनीने भरपाईला कात्री लावली. दांडा नोंदलेला नव्हता म्हणून. काच नवी बसली, पण टप पुरता सरळ झालाच नाही, अजून वाकडाच आहे. नव्या कागदावर दांड्याची आणि मुठीची नोंद झाली, आणि गंमत म्हणजे हप्ता होता तेवढाच राहिला. कंपनीपासून एवढे झाकण्यासारखे त्यात काही नव्हतेच. कंडक्टरकडून मात्र शब्द नाही. न पाहता सही केली म्हणून त्यालाही वरून बोलणी खावी लागली होती. उस्ताद फोन करत, तो उचलत नसे.

शेवटी त्यांनी मला बाहेर काढले आणि एकटेच त्याच्या दारात नेऊन उभे केले. हॉर्न वाजवला नाही. नुसते बसून राहिले. बऱ्याच वेळाने कंडक्टर बाहेर आला. माझ्याभोवती फिरला, दांड्याला हात लावून पाहिला, मग पलीकडचे दार उघडून आत बसला.

"ढकलला की काय होतं?"

"ब्रेक लागतो."

"आणि ओढला की?"

"तू तिकीट काढ, मग दाखवतो."

कंडक्टर हसला नाही. पण त्याने बोटांनी माझ्या दारावर दोनदा टकटक केले. बसमध्ये त्याचा अर्थ होता, चला. उस्तादांनी डोळे पुसले आणि दांडा ओढला.

मित्रांनो, गाड्यांमध्ये बदल होतात, माणसांमध्येही होतात. त्यात कमीपणा काही नाही. आमच्यात काही नवे बसवलेत तर ज्यांनी आमची जबाबदारी घेतली आहे त्यांना वेळेवर सांगा. आणि ज्यांनी तुमची घेतली आहे, त्यांना तर सगळ्यांच्या आधी सांगा. ते अंगणात येऊन उभे राहतात तेव्हा आमच्यावर कव्हर घालू नका.