माजरीतून न दिसणारा गुरू

गुरू सूर्याआड गेला की शुभकार्य बंद, म्हणून दामिनीशी माझं साक्षगंध अडलं होतं. गुरू बाहेर येऊन पंधरा दिवस झाले, तरी तिचे वडील घनश्यामभाऊ रोज पहाटे कोळसा खाणींच्या माजरीत गच्चीवर चढून कोळशाची धूळच पाहत.

"दिसल्याशिवाय तारीख नाई."

"भाऊ, कॅलेंडरात उदय झाला ना!"

"कॅलेंडर घरात टांगलेलं असते. त्याले काय दिसते?"

शेवटी रात्र सरायच्या आत त्यांना गाडीवर बसवून खाणींपासून दूर, चिमूरला नेलं. पूर्वेला गुरू ठसठशीत चमकत होता.

भाऊंनी निरखून पाहिलं. "हा चिमूरचा आहे. आमाले माजरीचा पायजे."

मी दामिनीला फोन लावला.

"मंग साक्षगंध चिमूरलेच करू," ती म्हणाली.

भाऊंनी मान डोलावली. "चालते. पण उजाडलं का हा बी जाते."

पाहुण्यांना पहाटे साडेचारचं निमंत्रण गेलं.