लंकाबाईची ओवी

पलीकडच्या घरात सुपातले दाणे खळकन सांडले. तान्ह्याचा नुकताच कुठे डोळा लागला होता. त्याला पाळण्यात तसाच ठेवून मी धावले. लंकाबाई उजवा खांदा धरून जात्याशी बसली होती. आमच्या आळीतली निम्मी घरं तिच्याकडून दळून घेत.

"वैनी, हात वरच जाईना बघा."

तिची नऊ वर्षांची ठमा दाणे वेचत होती. दोन महिने झाले, आईच्या जोडीने तीही खुंट्याला हात लावत होती. शाळा सुटली ती त्यापायीच.

आळीतल्याच इसाकभाईंना कोपऱ्यावर इंजिनाची पिठाची चक्की घालायची होती. "लंकाबाई, धान्य पाखडायला तूच ये. ठमीला शाळेत घाल," असं ते बोलून गेले होते. अडलं होतं परवान्यावर. देशात कोणती यंत्रं यावीत, कोणती नकोत, याचा तेव्हा जिकडेतिकडे खल चाले. आमच्या चक्कीसाठीसुद्धा एक कमिटी बसली होती.

त्याच दुपारी कमिटीतले तिघे आले. खादीतली, भली माणसं. एकाने तर जात्याला हात जोडले.

"बाई, दळताना ओव्या म्हणता ना?"

"म्हनते की."

"वा! घ्या लिहून," तो सोबत्याला म्हणाला.

"म्हनावंच लागतं, दादा. पोर पहाटं दचकून उठती. गानं ऐकलं की आई हितंच हाय, हे कळतं तिला. आन् खांदा लय—"

"एखादी म्हणून दाखवा ना."

तिने म्हटली. खुंटा ठमाने धरला. तिघे डोळे मिटून ऐकत राहिले. खोटं कशाला सांगू, मीही डोळे मिटले. तिच्या खांद्याचं सांगायचं राहूनच गेलं.

ते गेल्यावर लंकाबाई खुशीत म्हणाली, "मिळतोय परवाना! गानं लय आवडलं त्यान्ला."

आठवड्याने मी लंकाबाईकडे असताना इसाकभाई निकालाचा कागद घेऊन आले. "भाभी, तुम्हीच वाचा."

मी वाचलं. 'हातदळण हा आपल्या स्त्रियांचा पिढीजात आनंद आहे. येथील लंकाबाई ओव्या गात दळतात. सबब चक्कीस परवाना देता येत नाही.'

इसाकभाईंनी कागदाची घडी केली आणि ते निघून गेले.

"म्हंजे माझ्याच गान्यानं मोडलं," लंकाबाई हसली. डाव्या हाताने तिने जात्यात बाजरीची मूठ सोडली. ठमा खुंट्याशी बसली, पण फिरवेना.

"काकू," ती मला म्हणाली, "आईनं गानं बंद केलं, तर देतील का वो चक्की?"