धरून ठेवायचा सूर

सुनेचं तोंडावर कौतुक करायचं नाही, हा सासूबाईंचा नियम होता आणि मुलाच्या लग्नापासून तो त्यांनी निष्ठेने पाळला होता. सून सभागृहात ऑर्गन वाजवायची. भिंतभर धातूच्या नळ्या असलेला, हातांनी आणि पायांनीही वाजवायचा अवाढव्य ऑर्गन. "वाजवते काहीतरी," एवढंच सासूबाई शेजारणीला सांगत.

या वेळी सुनेने जे वाजवायला घेतलं होतं, ते सहसा कुणी वाजवतच नसे. गेल्या शतकातल्या एका संगीतकाराची रचना. माणूस विक्षिप्तच म्हणायचा. सुरुवातीपासून अखेरपर्यंत एक खालचा सूर अखंड चालू हवा, पण त्या सुराच्या पट्टीवर वजन ठेवायचं नाही, शेजारी माणूस बसवायचा, अशी त्याची अट. वादकाचे हात थांबल्यावरही तो सूर एकटा उरतो. कधी सोडायचा, ते त्या माणसाने ठरवायचं. आता इतका वेळ गप्प बसणारा माणूस आणायचा कुठून?

सून वर्षभर त्यासाठी राबली होती. सूर धरायला नवरा बसणार होता, आणि ऐन कार्यक्रमाच्या दिवशी त्याला खोकल्याने धरलं. पुढच्या आठवड्यात ऑर्गन दुरुस्तीसाठी उघडायचा होता. तो पुन्हा कधी वाजेल, देव जाणे.

"रद्द करते," सून म्हणाली. तिचा चेहरा पार उतरला होता.

"मी बसते की," सासूबाई म्हणाल्या.

मुलाचा खोकलाच थांबला. "आई, तू? तू तर स्वतःच्या लग्नातही गप्प बसली नव्हतीस."

"तू खोक. तुझं चालू दे."

आजवर सासूबाई मागच्या रांगेत बसायच्या. त्यांना दिसायची ती फक्त सुनेची पाठ. आज त्या तिला खेटून बसल्या, एक बोट पट्टीवर दाबून. सुनेचे पाय खाली न बघता टाचांवरून चवड्यांवर धावत होते. हात पट्ट्यांच्या दोन ओळींवर वेगवेगळं बोलत होते, आणि मध्येच एखादा हात सटकन आवाज बदलायची खुंटी ओढून परत जागेवर यायचा. कानामागून घाम ओघळत होता. चहा गाळताना निम्मा ओट्यावर सांडते ती हीच का? सासूबाईंच्या नाकाला खाज सुटली, पण त्या हलल्या नाहीत. एवढं सगळं ही एकटी पेलते आणि आपण 'काहीतरी' म्हणतो, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

सुनेने हात उचलून मांडीवर ठेवले. आता फक्त तो खालचा सूर उरला. सासूबाईंनी तो धरूनच ठेवला. सभागृहात कुणी हलेना. मागे मुलगा तोंडात रुमाल कोंबून बसला होता.

"आई, सोडा आता," सून ओठ न हलवता पुटपुटली.

"सोडवत नाही गं," सासूबाई म्हणाल्या, पहिल्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात. "फार सुंदर वाजवलंस."

मग त्यांनी बोट उचललं.